आईची कंबर आणि आठ टायर

गिरगावातून निघून भायखळ्याच्या पलीकडे जाणाऱ्या माणसाकडे पासपोर्ट मागत नाहीत, ही सरकारची मोठी चूक आहे असं माझं जुनं मत आहे. आम्ही ठाकूरद्वारची माणसं. आमचं देऊळ दोन मिनिटांवर, भाजी तीन मिनिटांवर, समुद्र दहा मिनिटांवर. याहून लांब काय असतं ते आम्ही वर्तमानपत्रात वाचतो. असा मी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, लालबाग, परळ, दादर आणि वरळी कोळीवाडा एवढा मुलूख दोन दिवसांत पालथा घालून परत आलो आहे. लोक हिमालयात जाऊन येतात आणि लिहितात. त्यांनी अवश्य लिहावं. पण त्यांच्याबरोबर माझी आई नव्हती, आणि डॅशबोर्डवर हळदीच्या पाण्याची वाटी नव्हती.

कारण सांगतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दीड वर्षापूर्वी तिच्या कंबरेचं ऑपरेशन झालं. तिची थोरली बहीण, आमची ताईमावशी, चौऱ्याऐंशी वर्षांची, मालवणच्या अलीकडे आमच्या गावात राहते. चार वर्षं दोघींची भेट नाही. दर रविवारी फोनवर बोलतात. दोघींनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचं गूज सगळ्या वाडीला पाठ आहे. गेल्या दिवाळीपर्यंत मावशी प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणायची, "ये गो एकदा." हल्ली म्हणत नाही. हल्ली नुसतं "बरं, ठेवते" म्हणते. तो बदल वाडीच्या लक्षात आला नाही, आईच्या आला.

डॉक्टरांनी गावी जायला परवानगी दिली होती, पण अट घालून: धक्के चालणार नाहीत. गाडीत पाय सैल सोडून बसायचं, तासातासाला उतरायचं. रेल्वेचे जिने तिला जमण्यातले नव्हते. राहता राहिली दिगूची गाडी. दिगू म्हणजे दिगंबर, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, राहणार लालबाग. गेल्या दसऱ्याला त्याने एसयूव्ही घेतली, तेव्हापासून तो जमिनीवर चालताना फारसा दिसत नाही.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "आधी इथल्या इथे फिरवून दाखवा. कंबर हो म्हणाली तर मी येते. नाही म्हणाली तर परत कुणी हा विषय काढायचा नाही."

हे ती ज्या आवाजात म्हणाली त्या आवाजात तिने आयुष्यात दोनदाच काही म्हटलं आहे, आणि दोन्ही वेळा तसंच झालं आहे.

शनिवार सकाळ, ठाकूरद्वार

दिगू वाडीच्या तोंडाशी गाडी लावून उभा होता. गाडी मी आधी पाहिली होती, टायर नवे होते. पंधरा दिवसांपूर्वी त्याने कंपनीचे गुळगुळीत टायर काढून 'ऑल-टेरेन' नावाचे टायर बसवले होते. मगरीच्या पाठीसारखे. मोठमोठे ठोकळे, मध्ये बोट जाईल एवढ्या खाचा. चिखल, दगड, वाळू, कशावरही चालतात, असं तो मला सांगत होता. मी विचारलं, लालबागला यातलं काय आहे? तो म्हणाला, "भावोजी, लालबागला नाही, गावाला आहे."

हे मात्र खरं होतं. डांबरी रस्ता सोडला की मावशीच्या घरापर्यंत जांभ्या दगडाची चढण आहे. दरवर्षी पावसाने ती थोडी वाहून जाते आणि दरवर्षी पुढच्या वर्षी दुरुस्त होणार असते. गेल्या मे महिन्यात आमच्या चुलत भावाची साधी गाडी अर्ध्यात चाकं फिरवत उभी राहिली आणि सगळे उतरून चालत वर गेले. आईला ती चढण चालणं शक्य नाही. म्हणजे टायरवाचून गत नव्हती. प्रश्न एवढाच होता की त्या टायरवर बसून आई चढणीच्या पायथ्यापर्यंत धड पोहोचते का.

गाडी इतकी उंच की आईचा पाय पायरीला पोहोचेना. मी घरात जाऊन पाट आणला. गणपतीचा नव्हे, जेवायचा. पाटावर आई, आईच्या मागे मी, दारात दिगू. आमच्या वाडीतून याआधी इतक्या थाटात फक्त नवऱ्यामुली गेल्या आहेत. गॅलऱ्या भरल्या होत्या. मी वर बघून हात केला. दौऱ्यावर निघालेल्या माणसाने एवढं तरी करावं.

आता वैज्ञानिक तयारी. डॅशबोर्डवर ओला नॅपकिन, त्यावर काठोकाठ भरलेली स्टीलची वाटी, पाण्यात चिमूटभर हळद, म्हणजे सांडलेलं दिसतं. पुराव्याशिवाय मी काही बोलत नाही. दुसरं उपकरण म्हणजे स्वतः आई. दुखण्याच्या बाबतीत तिच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली "हं". दुसरी "आई गं". तिसरी पायरी म्हणजे माझ्या वडिलांचं नाव. अण्णा होते तोवर तिने त्यांचं नाव कधी घेतलं नाही, उखाण्यातसुद्धा नुसत्या खुणा केल्या असं ऐकून आहे. पण ऑपरेशननंतर शुद्धीवर येताना तिने ते एकदा घेतलं होतं, आणि नर्सने मला विचारलं होतं की तुमचं नाव का?

गाडी निघाली. भायखळ्यापर्यंत आईने चार वेळा "हं" म्हटलं. सिमेंटच्या रस्त्याला जिथे जिथे सांधा येई तिथे गाडी खालून टिचकी मारल्यासारखी उडे. वाटीतलं पाणी गटाराच्या प्रत्येक झाकणाला नमस्कार करत होतं. नॅपकिन पिवळा झाला. दिगूने त्या दिवशी पांढरी पँट का घातली होती हे मला माहीत नाही, पण भायखळ्याच्या पुढे ती पांढरी नव्हती. त्याने काही तक्रार केली नाही. फक्त म्हणाला की माझ्या लग्नात पण एवढी हळद लागली नव्हती.

लालबाग

लालबागमध्ये शिरलो की आधी नाकाला कळतं. मिरच्या कांडायचा वास गाडीच्या काचांतूनही आत येतो. गिरगावात आम्ही तिखट खातो, हे लोक तिखट श्वासातून घेतात. आईने गाडी थांबवायला लावली आणि मला चिवडा आणायला पाठवलं. पातळ पोह्यांचा, शेंगदाणे न घातलेला. शेंगदाणे का नकोत विचारलं तर म्हणाली, ताईला दात नाहीत.  जी बाई अजून जायचं ठरवत नाही ती बहिणीच्या दातांचा विचार करून चिवडा घेते, याचा अर्थ वैज्ञानिकालाही कळतो. पुडी तिने मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी धरली.

आणि मग, उड्डाणपुलाच्या बाजूच्या रस्त्यावर, एका पानपट्टीसमोर, तो गतिरोधक आला.

दिगूने वेग कमी केला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, आणि उतरायच्या ऐवजी उडाली. वाटी नॅपकिनवरून निघून माझ्या मांडीवर आली. मागून स्पष्ट, खणखणीत आवाज आला.

"वसंता."

 दिगूने गाडी बाजूला घेतली आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "भावोजी, वसंत कोण?"

"माझे वडील."

त्याने चष्मा काढला आणि पुसला. अण्णांना सगळेच अण्णा म्हणत, त्याला नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं. आई खिडकीबाहेर बघत होती. कानात जरा लाली आली होती. मला वाटलं ती म्हणेल परत चला. पण ती म्हणाली, पुढे चला, जेवायचं कुठे ठरलंय? कंबर गेली तरी आमच्या घराण्यात जेवण जात नाही.

दुपार, वरळी कोळीवाडा

दिगूच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं होतं की कोळीवाड्यात जनाबाई नावाच्या बाई सांगून ठेवलं तर घरचं जेवण घालतात. सांगून ठेवलं होतं. गाडी आत नेऊ नका, हे मात्र त्याने सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं होतं आणि दिगूने ऐकलं नव्हतं, कारण ज्याच्या गाडीला ऑल-टेरेन टायर आहेत तो गल्लीला काय भितो.

गल्लीने त्याला शिकवलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला जाळ्यांचा ढीग, वर दोरीवर बोंबील वाळत घातलेले. दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून दोरीवर असे बसवलेले असतात की मला तरी ते भांडून दमलेले शेजारी वाटले. आमचा डावा आरसा त्या दोरीत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या गळ्यात हार होता. पुढारी येताना दिसतो तशी गाडी दिसायला लागली. मी काच खाली करून लोकांना नमस्कार केला, पण कुणी हसलं नाही. मग एक हसलं, मग सगळी गल्ली हसली.

जनाबाई कमरेला पदर खोचून बाहेर आल्या. साठीच्या, हातात परात. त्यांनी गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ही गाडी हाय का होडी?"

दिगू म्हणाला, गाडी. जनाबाई म्हणाल्या की मग उडते कशाला, मघापासून बघतेय, गल्लीच्या तोंडापासून उड्या मारत आली. रिकामी होडी अशी पाण्यावर नाचते. बर्फ, जाळी, मासळी चढली की तिचं ती गप्प बसते. तुमच्या गाडीत सामान काय आहे? आम्ही म्हटलं, एक आई आणि एक वाटी.

त्यांनी बोंबलांची दोरी सोडवून घेतली, आणि जे जमिनीवर पडले होते ते मांजरांनी आधीच आपले मानले होते. जेवायला तांदळाची भाकरी, तळलेले ओले बोंबील, कालवण, आणि भाताचा असा ढीग की पलीकडे बसलेला दिगू दिसेना. आमच्याकडे गिरगावात पाहुण्याला "आणखी घ्या" म्हणतात आणि पाहुण्याने "नको" म्हणायचं असतं. इथे विचारतच नाहीत. तुम्ही ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. आई भिंतीला टेकून, पाय लांब करून, सुखाने जेवत होती. जनाबाईंनी तिच्या पाठीमागे जाळ्याची घडी करून ठेवली. ती घडी आईला इतकी आवडली की जाताना तिने दोनदा मागे वळून पाहिलं.

परतताना वरळीच्या समुद्राकाठचा रस्ता. गुळगुळीत, सरळ. इथे धक्के नव्हते, पण टायरने नवा उद्योग सुरू केला. गाण्याचा. घूंऽऽऽ असा एक लांब, न संपणारा आवाज. वेग वाढला की सूर वर, कमी झाला की खाली. त्या ठोकळ्यांच्या खाचांत हवा सापडते आणि ती ओरडत बाहेर येते, असं दिगू समजावत होता, पण आवाजामुळे मला अर्धंच ऐकू आलं. मी म्हटलं, गावापर्यंत दहा-बारा तास हा भुंगा डोक्यात घेऊन जायचा? दिगू म्हणाला, सवय होते. मी म्हटलं, सवय फाशीचीही होत असेल, कुणी परत येऊन सांगितलेलं नाही. आमचं हे चालू असताना आईने कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं. आमचा वाद सुरू झाला की ती तसं नेहमी करते.

घरी पोहोचल्यावर पाटावरून उतरताना ती एवढंच म्हणाली, "आज कंबर नाही म्हणतेय. उद्या ते जुने टायर बघू. पण उद्याच काय ते."

रविवार, पुन्हा लालबाग

दिगूने शनिवारी संध्याकाळी परळला जाऊन जुने, गुळगुळीत टायर परत बसवून आणले होते. ते टायरवाल्याकडेच पडून होते, अजून विकले गेले नव्हते. मगरी दुकानात राहिल्या होत्या. त्यांच्या जागी सभ्य, काळे, नीट भांग पाडल्यासारखे टायर. पाट, आई, वाटी, हळद. चिवड्याची पुडी आईने पर्समधून पुन्हा बाहेर काढून मांडीवर घेतली.

पहिल्यांदा वाटलं, जिंकलो. आवाज नाही. गिरगावातून बाहेर पडेपर्यंत मला दिगूचा श्वास ऐकू येत होता. नॅपकिन पांढराच. मी इतका खूश झालो की मी गाऊ लागलो. आईने मशीन काढलं नाही, यावरून तीही खूश असावी.

मग पेव्हर ब्लॉक आले. हं. मग गटाराची झाकणं. आई गं. मग पानपट्टी, आणि गतिरोधक. गाडी पुढून चढली, मागून उडाली.

"वसं..."

आज नाव अर्धंच आलं. टायरच्या भाषेत ही मोठी प्रगती होती, आणि मी तसं म्हणणारही होतो. पण मागे वळून पाहिलं तर आईने डोळे मिटले होते आणि एक हात कंबरेवर होता.  मग पुडी उचलून तिने पुढे दिगूच्या हातात दिली.

"मुलांना दे. मऊ आहे."

दोन दिवस मी सतत बोलत होतो. तेव्हा मात्र मी नॅपकिनने डॅशबोर्ड पुसायला लागलो. दिगू पुडी हातात धरून समोर बघत बसला. मग पुटपुटला की टायरवाल्याकडे जाऊ, हे टायर त्याला परत देऊन आपले घेऊन टाकू, आत्ता विषयच संपवू. मला कळत होतं की त्याला टायरचा राग आलेला नाही.

परळ, टायरवाल्याकडे

सिद्धार्थभाऊंचं दुकान म्हणजे रस्त्याकडेला तीन भिंती, टायरांचे मनोरे आणि कोपऱ्यात बुद्धाची तसबीर, तिच्यावर रोज बदललेला ताजा हार. वय साठीच्या आसपास, जाड भिंगांचा चष्मा, हात काळे आणि शर्ट इस्त्रीचा. गेली तीस वर्षं ते परळची चाकं बघत आले आहेत. आमचे चेहरे पाहून त्यांनी आधी खुर्ची मांडली, मग पाणी आणलं, मग विचारलं, काय झालं.

आई उतरत होती. मी पाट ठेवला, ती पाटावर आली, दाराच्या खांबाला धरून दम घ्यायला उभी राहिली. तिथे तिच्या नाकासमोर, दाराच्या आतल्या कडेला, एक चिठ्ठी चिकटवलेली होती. आईला कुठलीही छापील गोष्ट वाचल्याशिवाय सोडवत नाही. भेळ खाऊन झाल्यावर ती कागद वाचते. तिने चष्मा सारखा केला.

"दिगू, इथे बत्तीस लिहिलंय. पूर्ण सामान असेल तर छत्तीस. चित्र आहे चाकाचं. तू हवा किती भरतोस?"

दिगू म्हणाला, चाळीस.

"का?"

आता दिगूने जे सांगितलं ते त्याने इतक्या अभिमानाने सांगितलं की मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि थोडं चिमटावंसंही. त्याच्या लहानपणी मे महिन्यात चाळीतली चार घरं मिळून गावी जायला जीप करत. निघायच्या आदल्या दिवशी त्याचे वडील ड्रायव्हरला घेऊन जात आणि हवा टाईट करून आणत. टपावर ट्रंका, वळकट्या, स्टोव्ह. येताना फणस, तांदूळ, नारळ, कोकमं. हवा कमी असती तर जीप घाटात बसली असती. त्यांच्याकडे त्याला 'गावची हवा' म्हणत, आणि ती भरल्याशिवाय गावी निघणं म्हणजे देवाला नारळ न फोडता निघणं. दिगूने गाडी घेतली त्या दिवसापासून तो कायम गावची हवाच भरतो. कधीही जावं लागलं तर?

"काल हे ऑल-टेरेन चाळीसवर होते?" सिद्धार्थभाऊंनी विचारलं.

"हो."

"आणि आज हेही?"

"हो. संध्याकाळी तुम्हीच भरलीत."

"मी विचारलं होतं, गावी चाललात का. तुम्ही हो म्हणालात. मला वाटलं टपावर सामान असेल." त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला. "दिगूशेठ, टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग असते. तुम्ही त्याचा दगड केलात. दोन दिवस तुम्ही टायर तपासत नव्हता, हवा तपासत होता."

मला जनाबाईंची रिकामी होडी आठवली. सामानाच्या हिशेबाने हवा, आणि सामान काय तर एक आई आणि एक वाटी. काल एका कोळणीने आम्हाला सगळं सांगितलं होतं आणि आम्ही तिचे बोंबील खाऊन परत आलो होतो.

सिद्धार्थभाऊंनी चारही चाकांतली हवा बत्तीसवर आणली. ती सुटताना जो फुस्स आवाज झाला तो दोन दिवसांतला सर्वांत गोड आवाज. आईला म्हणाले, "माई, एकदा बसून बघा. नाही जमलं तर मी स्वतः तुम्हाला घरी सोडतो, टॅक्सीने."

आई पाटावर चढली.

त्याच गतिरोधकावर, पुन्हा पुन्हा

पानपट्टीसमोरून आम्ही गेलो. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली, उतरली. मी कान मागे लावून बसलो होतो. काही नाही. "हं" सुद्धा नाही. वाटीतलं पाणी काठावर येऊन थांबलं, बाहेर बघितलं, परत गेलं.

"परत घे," आई म्हणाली.

वळसा घालून परत घेतलं. आणखी एकदा घेतलं. तिसऱ्या फेरीला पानवाला बाहेर आला आणि त्याने विचारलं, काही पडलंय का इथे? मी काच खाली करून त्याला सगळी हकीकत सांगितली, ऑपरेशनपासून. सांगायला मला वेळ लागतो. तोवर मागे गाड्या जमल्या आणि पुढे माणसं.

मग दिगू म्हणाला की हे अन्यायाचं आहे. त्याच्या मगरींनाही बत्तीसवर संधी मिळायला हवी. परत परळ. सिद्धार्थभाऊंनी एक निःश्वास टाकला, जॅक लावला, आणि आठ टायरांची ती अदलाबदल शांतपणे पुन्हा केली. आम्ही पुन्हा पानपट्टीसमोर आलो तेव्हा दहा-बारा लोक रांगेत उभे होते. पानवाल्याने सगळ्यांना गोष्ट सांगितली होती, आणि माझ्यापेक्षा थोडक्यात. एका म्हाताऱ्या गृहस्थाने हात वर करून गाड्या थांबवल्या. आम्ही गतिरोधकावरून गेलो.

"हं," आई म्हणाली.

"काय म्हणाल्या?" पानवाल्याने विचारलं.

मी ओरडून सांगितलं, "हं म्हणाली."

लोकांनी आपसात विचारविनिमय केला. हं म्हणजे बरं की वाईट, यावर मतभेद होते.

शिवाजी पार्कचा कट्टा

निर्णय कट्ट्यावर बसून करायचा ठरला. वडापाव होते, चहा होता. मैदानात नेटमध्ये मुलं खेळत होती आणि कट्ट्यावरचे निवृत्त साहेब लोक त्यांना न विचारता सल्ला देत होते. मला हे गाव फार आवडलं. आमच्याकडेही न विचारता सल्ला देतात, पण बसून नाही, जिन्यात गाठून.

मी निकाल वाचून दाखवला. गुळगुळीत टायर, बत्तीसची हवा: धक्का शून्य, आवाज शून्य, नॅपकिन पांढरा. मगरी, बत्तीसची हवा: धक्का 'हं' एवढा, कारण त्यांच्या भिंती जाड आणि कडक, नॅपकिन थोडा पिवळा, आणि चांगल्या रस्त्यावर तो भुंगा. माझ्या मते प्रश्नच उरला नव्हता. मऊ टायर, सुखाचा प्रवास.

"आणि चढण?" दिगू म्हणाला. "खाली डांबरीवर उतरवायचं आणि आईंना सांगायचं, ते बघा ताईंचं घर, दिसतंय ना?"

मी म्हटलं खुर्चीवर बसवून चौघांनी वर न्यावं. आई म्हणाली, मला चौघांनी उचलायची वेळ यायची आहे, तोवर मी चाकावर जाईन. दिगूला चहाचा ठसका लागला.

मग मी भुंग्याचा मुद्दा लावून धरला. दहा-बारा तास तो आवाज. डोकं फुटेल. झोप नाही. ज्या बाईला आराम हवा तिला असल्या घरघरीत बसवणं म्हणजे... असं मी बराच वेळ हातवारे करून बोलत होतो. शेजारच्या निवृत्त साहेबांनी माना डोलवायला सुरुवात केली होती. माझं चांगलं रंगलं होतं.

आईने शांतपणे कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं आणि डबी पर्समध्ये टाकली.

"कसला आवाज?" ती म्हणाली.

 दिगू हसत हसत कट्ट्यावरून खाली उतरला आणि गाडीला एक फेरी मारून आला. साध्या गोष्टीसाठी दोन दिवस, आठ टायर आणि एक पांढरी पँट खर्ची पडली होती. आवाज आमच्या दोघांच्याच कानांना होता. कंबर तिची होती, आणि कंबरेने नुसतं "हं" म्हटलं होतं.

आईने दिगूपुढे हात केला. पहिल्यांदा त्याला कळलं नाही. मग त्याने गाडीतून चिवड्याची पुडी आणून तिच्या हातावर ठेवली. तिने ती पर्समध्ये अगदी तळाशी घातली, मशीनच्या डबीखाली.

मग मशीन परत कानात घालून तिने फोन मागितला. रविवार होता. पलीकडून मावशीचा आवाज आम्हा सर्वांनाच नव्हे, नेटमधल्या गोलंदाजालाही ऐकू गेला असावा.

"ताये, ऐकतंस मा? मी येतंय."

 मला वाटलं फोन कटला. मग मावशी म्हणाली, "खरा?"

"खरा. फणस काढून ठेव."

आई एवढंच बोलली आणि फोन माझ्याकडे दिला, कारण तिला चष्मा पुसायचा होता.

परतीच्या वाटेवर समुद्राकाठच्या रस्त्यावर मगरी गात होत्या. मशीन पुन्हा डबीत गेलं होतं आणि आई मागे मान टाकून झोपली होती. हाजीअलीपाशी सिग्नलला ती जागी झाली. दिगू तिला बघून म्हणाला, आवाज चढवून, की आई, आता शपथ, बत्तीसच्या वर हवा भरणार नाही, जातानाही नाही आणि येतानाही नाही.

"येताना भर की तुझी चाळीस," आई म्हणाली. "फणस असतील मागे."

मी ओरडून विचारलं, "आणि तुझी कंबर?"

"माझी कंबर कुठे येतेय?" आई म्हणाली. "ती राहणार ताईकडे, दिवाळीपर्यंत."